कंपनी गिऱ्हाइकाचं बिलिंग खातं कसं उघडावं: मागणारे अनेक, खातं एक

छपाईच्या दुकानात सुटं गिऱ्हाईक येतं, काम सांगतं, पैसे देतं आणि जातं. कंपनीचं तसं नसतं. व्हिजिटिंग कार्डं एचआरच्या मॅडम मागवतात, प्रदर्शनाचे बॅनर मार्केटिंगवाले, गेटपासची पुस्तकं सिक्युरिटी आणि चलनबुकं स्टोअर. माल गेटवर कुणीतरी उतरवून घेतं, बिल अकाउंट्सकडे जातं आणि पैसे सोडणारे साहेब भलत्याच गावी बसलेले असतात. काम वेळेवर दिलेलं असतं, दर ठरलेला असतो, तरी बिल महिनोन्‌महिने अडकतं. बहुतेक वेळा मूळ एकाच ठिकाणी सापडतं: खातं उघडतानाच घोळ झालेला असतो.

मी पुण्यात एका छापखान्याचं बिलिंग आणि वसुली बघते. हे काम नव्यानं हातात घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे. तुमचा धंदा छपाईचाच हवा असं नाही. स्टेशनरी, केटरिंग, गाड्या भाड्यानं देणं, हाउसकीपिंग, जिथे एका कंपनीतली चार माणसं ऑर्डर देतात तिथे हे सगळं लागू पडतं. उदाहरणं मी छपाईची आणि टॅलीची देणार आहे, कारण रोजचं काम त्यावर चालतं. तुमचं सॉफ्टवेअर वेगळं असलं तरी क्रम हाच ठेवा.

एक नियम मात्र सुरुवातीलाच मनाशी पक्का करा. खातं जीएसटी नंबराच्या नावानं उघडायचं, माणसाच्या नावानं कधीही नाही. ‘अमुक कंपनी – जोशी सर’ आणि ‘अमुक कंपनी – एचआर मॅडम’ अशी दोन लेजर (हिशेबातली खाती) तयार झाली की त्या कंपनीकडून एकूण येणं किती हे कुणालाच सांगता येत नाही, आणि जोशी सर नोकरी सोडून गेले की त्यांचं लेजर पोरकं होतं.

आधी हे कागद गोळा करा

गिऱ्हाइकाकडून:
- जीएसटी नोंदणी प्रमाणपत्राची प्रत (नुसता व्हॉट्सअॅपवर आलेला नंबर पुरत नाही)
- पॅन, आणि ते टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा प्राप्तिकर) कापणार असतील तर टॅन (कर कापणाऱ्याचा नोंदणी क्रमांक)
- बिलाचा पत्ता आणि माल पोचवायचे पत्ते, वेगवेगळे लिहून
- लेटरहेडवर किंवा कंपनीच्या मेलवरून अधिकृत माणसांची यादी (पायरी ३ पाहा)
- पहिली पर्चेस ऑर्डर (कंपनीची लेखी खरेदी ऑर्डर), आणि त्यांनी दिलेला व्हेंडर कोड (त्यांच्या सिस्टिममधला आपला पुरवठादार क्रमांक)

आपल्याकडून त्यांना द्यायचं:
- आपलं जीएसटी प्रमाणपत्र आणि पॅन
- रद्द केलेला चेक
- उद्यम नोंदणी प्रमाणपत्र (सूक्ष्म, लघु आणि मध्यम, म्हणजे एमएसएमई उद्योगांची सरकारी नोंदणी; पायरी ४ पाहा)
- सह्या-शिक्क्यासह भरलेला त्यांचा व्हेंडर फॉर्म

व्हेंडर फॉर्म कंटाळवाणा असतो, पण तो पूर्ण झाल्याशिवाय पहिलं काम हाती घेऊ नका. व्हेंडर कोड नसेल तर त्यांच्या सिस्टिममध्ये तुमचं बिल चढतच नाही. ‘फॉर्म मागाहून बघू, आधी बॅनर द्या’ असं ऑर्डर देणारा नेहमीच म्हणतो, कारण बॅनरची गरज त्याची असते आणि फॉर्म अकाउंट्सचा.

१. जीएसटी नंबर स्वतः तपासा

नंबर १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे: महाराष्ट्र २७, गोवा ३०. पुढची दहा अक्षरं म्हणजे कंपनीचा पॅन. प्रमाणपत्र हातात असलं तरी जीएसटी पोर्टलवर ‘सर्च टॅक्सपेयर’मध्ये नंबर टाकून पाहा. तिथे तीन गोष्टी बघायच्या.

कायदेशीर नाव आणि व्यापारी नाव. बोर्डावरचं नाव बऱ्याचदा व्यापारी असतं. लेजर कायदेशीर नावानं उघडा, बोर्डावरचं नाव टॅलीत ‘अलायस’ म्हणून टाका, म्हणजे काउंटरवरच्या मुलाला दोन्ही नावांनी खातं सापडेल.

स्थिती. ‘अॅक्टिव्ह’ हवी. नोंदणी रद्द किंवा स्थगित दिसली तर उधारीवर खातं उघडू नका.

करदात्याचा प्रकार. इथे ‘एसईझेड युनिट’ (विशेष आर्थिक क्षेत्रातलं युनिट) असं दिसलं तर थांबा. हिंजवडीत अशी युनिट्स आहेत, आणि नवखा माणूस पुण्याचा पत्ता बघून सरळ सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या राज्यात लागणारे दोन कर) लावून मोकळा होतो. एसईझेड युनिटला दिलेला पुरवठा एकाच राज्यात असला तरी आंतरराज्यच धरला जातो, म्हणून कर लावायचा तर आयजीएसटी (आंतरराज्य व्यवहाराचा कर). त्यांच्या मंजूर कामासाठीचा पुरवठा एलयूटीखाली (जीएसटी खात्याला द्यायचं हमीपत्र) विनाकरही देता येतो, पण एलयूटी दर आर्थिक वर्षी नव्यानं भरावं लागतं. पहिलं बिल काढायच्या आधी हे सीएंशी बोलून ठरवा.

२. एका नंबराला एक लेजर, सगळ्या लेजरांना एक ग्रुप

समजा एका कंपनीचा कारखाना चाकणला आणि दुसरा गोव्यात वेर्ण्याला आहे. पॅन एक, पण जीएसटी नंबर दोन, आणि जीएसटी कायद्याच्या नजरेत ही दोन वेगळी गिऱ्हाइकं आहेत. टॅलीत ‘संड्री डेटर्स’ (येणेकरी) या गटाखाली कंपनीच्या नावाचा एक ग्रुप करा आणि त्यात दोन लेजरं उघडा: ‘अमुक – चाकण २७’ आणि ‘अमुक – वेर्णा ३०’. ग्रुपवर गेलात की एकूण येणं दिसतं, लेजरवर गेलात की त्या युनिटचं.

याच्या उलट, एकाच नंबराखाली भोसरीत ऑफिस आणि चाकणला गोडाऊन असेल तर लेजर एकच ठेवा आणि पत्ते त्यातच वाढवा. टॅलीत एका लेजरला अनेक पत्ते देता येतात.

कोणत्या नंबरावर बिल करायचं हे ऑर्डर देणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा ठाऊक नसतं. तो ‘कंपनीच्या नावानं करा’ एवढंच सांगतो. पर्चेस ऑर्डरवर छापलेला नंबर प्रमाण मानायचा. पर्चेस ऑर्डर नसेल तर अकाउंट्सला मेल करून विचारायचं. माल कुठे उतरला त्यावरून अंदाज करू नका. वेर्ण्याच्या युनिटनं स्वतःच्या पर्चेस ऑर्डरवर पुण्यातल्या प्रदर्शन भरवणाऱ्या एजन्सीकडे बॅनर पोचवायला सांगितले, तर गाडी पुण्यातल्या पुण्यात फिरली तरी बिल गोव्याच्या नंबरावर आणि आयजीएसटी लावून होतं.

लेजर उघडताना ‘मेंटेन बॅलन्सेस बिल-बाय-बिल’ हा पर्याय ‘येस’ करा. तो ‘नो’ राहिला तर कुठलं बिल आलं आणि कुठलं राहिलं हे पुढे हातानं शोधत बसावं लागतं.

३. माणसांची यादी लेखी घ्या

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. कंपनीला सरळ पाच प्रश्न विचारा आणि उत्तरं नाव, हुद्दा, मोबाईल, मेल यांसह मागा:

- ऑर्डर कोण देऊ शकतं?
- मंजुरी कोण देतं, आणि किती रकमेपर्यंत?
- माल कोण घेतं, आणि पोच म्हणून काय देतं: सही, शिक्का, की गेट एंट्री नंबर?
- बिल कुणाकडे पाठवायचं, छापील की मेलवर?
- पैशांबद्दल कुणाला फोन करायचा?

लहान कंपनीत पाचही उत्तरांत एकच नाव येईल. चालेल, पण लिहून घ्या. मोठ्या कंपनीत पाच वेगळी माणसं असतात आणि ती एकमेकांशी फार बोलतात असं समजू नका. तुमची यादीच त्यांच्यातला दुवा होते.

छपाईत सहावा प्रश्न विचारावाच लागतो: प्रूफ ‘ओके’ कोण करणार? हजार कार्डं छापून झाल्यावर हुद्द्यात चूक निघाली तर पुन्हा छपाईचा खर्च कुणाचा, हे त्या ओकेवर ठरतं. ज्यांचं कार्ड आहे त्या साहेबांनी फोनवर ‘हो हो, छान आहे’ म्हणणं म्हणजे ओके नव्हे. यादीत ज्याचं नाव आहे त्याच्या मेलवरून किंवा नोंदलेल्या मोबाईलवरून लेखी आलं तरच छपाईची प्लेट करायला द्या. दुसऱ्या धंद्यातही असा एक क्षण असतोच. केटरिंगमध्ये ताटांचा अंतिम आकडा, गाड्यांमध्ये ड्युटी स्लिपवरची सही. तुमच्या धंद्यातला तो क्षण ओळखा आणि त्याचं नाव यादीत घाला.

व्हॉट्सअॅपवर ऑर्डर येणारच, ती नाकारून धंदा होत नाही. ऑर्डर आली की यादीतल्या मंजुरी देणाऱ्याला मेल करा: काय मागवलं, कुणी मागवलं, नग किती, दर काय, कधी देणार. ‘मंजूर’ असं उत्तर आलं की काम सुरू. दोन ओळींचं हे टपाल पुढे पर्चेस ऑर्डर यायला उशीर झाला तरी तुमचा आधार असतं.

बिल पाठवायचा मेल शक्यतो विभागाचा सामायिक घ्या, एखाद्या माणसाचा नको. माणसाची बदली झाली की त्याच्या मेलवर गेलेली बिलं कुणी उघडत नाही, आणि ‘आम्हाला बिल मिळालंच नाही’ हे उत्तर मग खरंच असतं.

४. उधारीच्या अटी

मुदत किती आणि ती कधीपासून मोजायची, हे दोन्ही लिहून घ्या. टॅलीतला ‘क्रेडिट पिरियड’ बिलाच्या तारखेपासून मोजतो, कंपन्या बऱ्याचदा बिल हाती पडल्यापासून किंवा त्यांच्या स्टोअरनं माल स्वीकारल्याची नोंद केल्यापासून मोजतात. तुमच्या हिशेबानं थकलेलं बिल त्यांच्या हिशेबानं अजून मुदतीत असतं, आणि फोनवर विनाकारण शब्दानं शब्द वाढतो.

तुमचा उद्योग सूक्ष्म किंवा लघु असेल तर उद्यम नोंदणी आधीच करून ठेवा आणि प्रमाणपत्र व्हेंडर फॉर्मसोबतच द्या. एमएसएमईडी कायदा, २००६ प्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांहून जास्त मुदत घेता येत नाही. करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दर महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून प्राप्तिकरात तरतूद आली आहे की मुदत उलटून गेलेलं असं देणं वर्षअखेर थकलेलं राहिलं, तर त्या वर्षी तो खर्च म्हणून धरता येत नाही. त्यामुळे मार्चमध्ये कंपन्या स्वतःहून ‘तुम्ही एमएसएमई आहात का’ असं पत्र पाठवतात. त्या पत्राला त्याच दिवशी उत्तर द्या. इथे एक अट आहे: हे संरक्षण उत्पादन आणि सेवा देणाऱ्यांना आहे. तयार माल आणून विकणारा व्यापारी उद्यमवर नोंदलेला असला तरी त्याला उशिरा पैसे मिळण्याबाबतचा हा फायदा मिळत नाही.

उधारीची मर्यादा पूर्ण कंपनीसाठी ठरवा, दर माणसामागे नको. एचआरचं आणि मार्केटिंगचं मिळून किती रुपये अडकले तर आपल्याला कागदाचे पैसे द्यायला अडचण येईल, तो आकडा म्हणजे तुमची मर्यादा.

५. आपल्या बाजूचे युजर

अनेक माणसं फक्त गिऱ्हाइकाकडेच नसतात. काउंटरवर एक जण, हिशेबाला एक जण, शिवाय मालक. टॅलीत प्रत्येकाला वेगळं युजर नाव द्या. सगळ्यांनी मालकाचा पासवर्ड वापरणं ही दुकानादुकानांतली जुनी सवय आहे, ती पहिल्या दिवशी मोडा. काउंटरला बिल बनवायचा अधिकार द्या, पण लेजर उघडायचा, जुन्या तारखेचं बिल करायचा आणि बिल पुसायचा अधिकार नको. नवीन खातं एकाच माणसानं उघडावं. एकाच कंपनीची तीन स्पेलिंगची तीन लेजरं होतात ती हा नियम नसलेल्या ठिकाणी.

टॅलीचं सिल्व्हर लायसन्स एका संगणकासाठी असतं. दोघांनी दोन संगणकांवरून एकाच वेळी काम करायचं तर गोल्ड घ्यावं लागतं. तुमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर १ एप्रिल २०२३ पासून सुरू होणाऱ्या वर्षांसाठी प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं, आणि ती नोंद बंद न करता येणारं सॉफ्टवेअर सक्तीचं आहे. मालकी हक्काच्या दुकानाला ती सक्ती नाही, तरी मी ते वापरायलाच सांगेन.

६. बिल काढताना

पर्चेस ऑर्डरचा नंबर आणि तारीख ‘बायर्स ऑर्डर नंबर’च्या रकान्यात, मागणाऱ्याचं नाव आणि विभाग ‘अदर रेफरन्सेस’मध्ये. माणसांसाठी वेगळी लेजरं नकोत असं मी म्हणाले ते याच जोरावर: नाव बिलावर येतं, खातं एकच राहतं. एका बिलात एकाच पर्चेस ऑर्डरचा माल घाला. दोन विभागांचं एकत्र बिल केलंत आणि एका विभागानं हरकत घेतली, तर दुसऱ्याचेही पैसे अडकतात.

महिन्याचं एकत्र बिल करा, असं बऱ्याच कंपन्या सांगतात. ते नेहमी करता येत नाही. सेवा असेल तर ती दिल्यापासून ३० दिवसांत बिल चालतं. वस्तू असेल तर साधारणपणे माल दुकानातून निघण्याआधी किंवा निघतानाच बिल हवं. छपाईत हा फरक नीट समजून घ्यावा लागतो. मजकूर गिऱ्हाइकाचा आणि कागद आपला, अशी पुस्तकं, माहितीपत्रकं, वार्षिक अहवाल यांत मुख्य काम छपाईची सेवा मानलं जातं. छापील पाकिटं आणि खोकी मात्र वस्तू. ऑक्टोबर २०१७ च्या जीएसटी परिपत्रकात हे सांगितलं आहे. त्याशिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून बरेच दर बदलले, तेव्हा जुन्या स्टॉक आयटममध्ये बसलेला दर एकदा तपासून घ्या.

तुमची उलाढाल २०१७-१८ पासून कुठल्याही वर्षी ५ कोटींच्या वर गेली असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून कंपन्यांना दिलेल्या बिलांसाठी ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) लागतं. ते रद्द करायला २४ तास मिळतात, आणि तोच बिल नंबर पुन्हा वापरता येत नाही. चुकीच्या युनिटच्या नंबरावर बिल गेलं तर तोच दिवस हातात असतो. त्यानंतर क्रेडिट नोट (आधीच्या बिलाची रक्कम कमी करणारा कागद) आणि नवीन बिल.

आणखी एक सापळा तिमाही विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी. कंपनी आपल्या जीएसटीआर-२बी मध्ये (जीएसटी पोर्टलवर तयार होणारी त्यांच्या खरेदी बिलांची यादी) तुमचं बिल दिसलं की मगच पैसे सोडते. तुम्ही तीन महिन्यांनी जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र) भरत असाल, तर एप्रिलचं बिल त्यांना जुलैत दिसणार. यावर आयएफएफ नावाची सोय आहे: तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांची कंपन्यांची बिलं पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत त्यात टाकता येतात. ती ऐच्छिक आहे म्हणून कित्येक जण सोडून देतात. कंपनी गिऱ्हाइकं असतील तर सोडू नका.

७. पैसे आल्यावर

कंपनी एका आरटीजीएसमध्ये सात बिलांचे पैसे पाठवते, त्यातून टीडीएस कापते आणि एखाद्या बिलातले खराब नग वजा करते. बँकेत नुसता आकडा दिसतो. ‘पेमेंट अॅडव्हाइस’ (कुठल्या बिलाचे किती पैसे, याचा तपशील) मागून घ्या, आणि ती येईपर्यंत अंदाजानं बिलं खोडू नका. टॅलीत पावती करताना प्रत्येक रक्कम ‘अगेन्स्ट रेफरन्स’नं नेमक्या बिलाला लावा. घाईत सगळं ‘ऑन अकाउंट’ टाकलं की येणं बरोबर दिसतं, पण कुठलं बिल बाकी आहे ते सांगता येत नाही, आणि वसुलीचा फोन नेमका भरलेल्या बिलासाठी जातो.

टीडीएसचा हिशेब पडताळा. १०,००० रुपयांचं काम, १८ टक्क्यांनी १,८०० जीएसटी, बिल ११,८०० चं. कंत्राटी कामाचा टीडीएस २ टक्क्यांनी कापला तर तो १०,००० वर, म्हणजे २०० रुपये. जीएसटी बिलात वेगळा दाखवलेला असताना ११,८०० वर कापायचा नसतो. हातात ११,६०० यायला हवेत. एकट्याच्या मालकीचा धंदा असेल तर दर १ टक्का. कापलेली रक्कम २६एएसमध्ये (प्राप्तिकर पोर्टलवरचा आपला कर-उतारा) दिसते का ते टॅन जुळवून पाहा.

नग खराब निघाले, दर चुकला, तर बिलात खाडाखोड नको. क्रेडिट नोट काढा, मूळ बिलाचा नंबर देऊन. ज्या आर्थिक वर्षातलं बिल, त्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत ती जीएसटीत दाखवता येते.

८. यादी जिवंत ठेवा

पायरी ३ मधली यादी दर तिमाहीला कंपनीच्या अकाउंट्सला मेल करा आणि ‘यात काही बदल आहे का’ एवढंच विचारा. कुणी सोडून गेल्याचं कळलं की त्याच दिवशी त्याचं नाव काढा आणि काउंटरवर सांगा. नवीन माणूस फोनवर म्हणाला की ‘आता ऑर्डर मी देतो’, तर त्याचं स्वागत करा, पण जुन्या मंजुरी देणाऱ्याकडून किंवा अकाउंट्सकडून लेखी आल्यावरच नाव चढवा.

याच मेलसोबत खातेउतारा जोडा, बिलनिहाय, मागणाऱ्याच्या नावासह. अकाउंट्सवाल्यांना स्वतःच्याच कंपनीत कुणाला विचारायचं हे त्यात दिसतं, त्यामुळे ते उताऱ्याला उत्तर देतात. ३१ मार्चच्या शिलकीची पुष्टी मात्र वेगळ्या पत्रावर, सही-शिक्क्यानिशी घ्या. ती एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातच मागा; पुढे त्यांचं ऑडिट लागलं की हाताशी वेळ असलेलं कुणी सापडत नाही.